पाहुणे बसलेले असताना

शेळगावात कुशाबाईला कुणी बोलावलं की ती येते, एवढं सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर ती लोकांच्या उसात खुरपते आणि कुणी आजारी पडलं की हातपाय धुऊन त्याच्या उशाशी प्रार्थना करायला जाते. काही जण हसतात. त्यांत पुढं असायचे भीमातात्या. तिच्या अंगणातली रविवारची प्रार्थना बंद करा, असा अर्ज ग्रामपंचायतीत त्यांनीच दिला होता.

त्या गुरुवारी तिच्या लेकीला, योगिनीला बघायला बारामतीहून पाहुणे आले होते. तेही ख्रिस्ती, मुलगा नोकरीत कायम. आधीची दोन स्थळं फिसकटलेली, म्हणून भावानं कुशाबाईला बजावून ठेवलं होतं, आज तोंड जरा कमी चालव. पोहे देऊन झाले आणि दारात भीमातात्यांची सून उत्कर्षा येऊन उभी राहिली. तात्यांचं एक अंग लुळं पडल्यापासून ती एकटीच त्यांचं करायची, नवरा पुण्याला. तात्या घाणीत पडले होते, तिच्यानं ते उचलले जात नव्हते, आणि सारखं कुशाबाईचं नाव घेत होते.

भाऊ हळूच म्हणाला, तासाभरानं येते म्हणून सांग.

"तू पडशील का तासभर घाणीत?" कुशाबाई म्हणाली आणि नव्या साडीचा पदर खोचून गेली.

तिनं तात्यांना धुतलं, पुसलं, चादर बदलली. मग प्रार्थना केली. खिडकीशी शेजारी जमले होते, तरी येशूचं नाव घेताना तिनं आवाज खाली आणला नाही. तात्या छताकडं बघत पडून राहिले. आमेनसुद्धा म्हणाले नाहीत.

घरी येऊन ती न्हाली आणि ओल्या केसांनीच पाहुण्यांपुढं आली. मुलाच्या आईचा चेहरा बदलला होता. तिच्या गळ्यात क्रूस होता, पण चांगल्या कामातून उठून आजाऱ्याची घाण काढून आलेली होणारी विहीण तिला अपशकुनी वाटली. तसं ती बोलली नाही. पुन्हा एखादा दिवस ठरवू म्हणाली, फक्त असं परत होणार नाही, एवढी हमी द्या.

"हमी न्हाय देत," कुशाबाई म्हणाली. "कुणी बोलावलं तर मी लग्नाच्या मांडवातनं बी उठून जाणार. आपण ज्याचं नाव घेतो, त्यानं कधी शकुन बघितल्याचं मला ठावं न्हाय."

पाहुणे उठले. मुलगा दारात घुटमळला, मग आईच्या मागं गेला.

भावानं कपाळाला हात लावला. आता हिला कोण करून घेणार, म्हणाला.

"ज्याची आई आजारी हाय तो घील की, मामा," योगिनी म्हणाली.

कुशाबाई हसली नाही. सकाळी खुरपायला जायच्या आधी तात्यांना पुन्हा धुवायचंय, उत्कर्षाला एकटीला ते पेलत नाहीत, तू बी लवकर ऊठ, एवढंच तिनं लेकीला सांगितलं.