एका दमात तीस

"चोरलास. सतराला श्वास चोरलास. ऐकू येतंय मला. परत एकपासून."

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बनियनवर उभा, एका हातात फोन, दुसऱ्यात चहाचा कप, आणि फोनमधून चीफ ओरडत होता. आवाज असा की कपातला चहा हिंदकळायचा. हे मी वाढवून सांगत नाही. म्हणजे थोडं वाढवतोय, पण त्या दिवशी चहा खरंच सांडला होता.

"चीफ, मी सत्तरीला आलो," मी म्हणालो.

"वय विचारलं नाही. एक ते तीस, एका दमात. मोज."

मी मोजलं. तेविसाला माझी शिट्टी वाजली. आत स्वयंपाकघरात बायकोला वाटलं, कुकर झाला.

"तेवीस," तो म्हणाला. "काल पंचवीस होते. गरम पाणी पी. पुढचा."

आणि फोन बंद. हे 'पुढचा' तो मला नाही, स्वतःलाच म्हणायचा. त्याच्या यादीत मी सातवा. माझ्यानंतर अजून चौतीस जणांची झोपमोड व्हायची होती.

चीफ म्हणजे नौदलातला चीफ पेटी ऑफिसर. जहाज कुठं चाललंय हे कॅप्टनला ठाऊक असतं. जहाजावर कोण काय लपवतंय हे चीफला. तोंडावर 'तुम्ही' आणि पाठीमागे 'तो' ही आमची जुनी पद्धत, म्हणून इथंही तोच म्हणतो. मी इंजिनरूमचा माणूस. अठरा वर्षं डिझेलच्या धडधडीत काढली, त्यामुळं मी कुजबुजलो तरी शेजाऱ्यांची मांजर माळ्यावर चढते. चीफ मात्र सिग्नलवाला. कानाला हेडफोन लावून दूरच्या जहाजाचे टकटक संदेश उतरवून घ्यायचा. पलीकडच्या माणसाचा हात ओळखायचा म्हणत. टकटक ऐकून सांगायचा, आज पांडे नाही, आज नायर बसलाय, आणि नायरचं पोट बिघडलंय. त्याच्या कानाबद्दल नौदलात बऱ्याच दंतकथा होत्या. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या.

मूळचा नांदेडकडचा. निवृत्त झाल्यावर एका सरकारी कचेरीत चिकटला आणि जामबागेत घर करून राहिला. समुद्रापासून इतक्या लांब, हैदराबादेत, आम्ही त्रेचाळीस माजी नौसैनिक कसे गोळा झालो देव जाणे. कोठी भागात एका पुस्तकाच्या दुकानावर आमच्या संघटनेची खोली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं मिरची भजी, चहा आणि भांडण. कुणाचं जहाज जास्त वेगात होतं, यावरून सत्तरीचे म्हातारे एकमेकांची कॉलर धरायचे. अध्यक्ष मोठे अधिकारी होते, पण ते मुलीकडं परदेशी गेले ते तिकडंच अडकले. चीफ नुसता चिटणीस. खुर्च्या लावायचा, खुर्च्या उचलायचा.

मग करोना आला आणि जो तो आपापल्या घरात नांगर टाकून बसला.

व्हॉट्सॲपचा ग्रुप होता की. रोज सकाळी त्यावर त्रेचाळीस गुलाब उमलायचे. हळदीचे काढे, वाफेचे उपाय, एकाच म्हाताऱ्या साधूचा एकच उपदेश पाच जणांकडून. आम्हाला वाटायचं, छान चाललंय, संघटना जोडलेली आहे. मग एके दिवशी कळलं की आमच्यातला एक जण घरातच वारला. कधी? नऊ दिवसांपूर्वी. नऊ दिवस आम्ही त्याच्या नंबरवर गुलाब पाठवत होतो. मी तर त्याला एक विनोदही पाठवला होता आणि तो हसला नाही म्हणून मनात राग धरला होता.

त्या संध्याकाळी चीफनं सगळ्यांना एक निरोप दिला. "आपल्यातला एकही माणूस कुणाला न कळता जाणार नाही. उद्या सकाळपासून हजेरी."

मी फोन करून म्हणालो, "चीफ, काय्को त्रास घेता? ग्रुपवर कळतंच की."

"गुलाब सूनबाईसुद्धा पाठवतात मिस्त्री. गुलाबाला आवाज नसतो."

मला तो मिस्त्रीच म्हणायचा. दुसऱ्या दिवशीपासून पावणेसहाला सुरू. यादी वयाप्रमाणं नाही, हुद्द्याप्रमाणं नाही. नौदलात जो आधी भरती झाला तो आधी. प्रश्न एकच, "सब ठीक?" उत्तर एकच, "सब ठीक." अर्ध्या मिनिटाचा मामला. मीही डोळे न उघडता 'सब ठीक' म्हणून कूस बदलायचो.

आता इथं तुम्हाला आमची एक खोड सांगायला हवी. जहाजावर रोज फेरी असते. अधिकारी एकेका कप्प्यात येतो, तिथला माणूस ताठ उभा राहतो आणि म्हणतो, सब ठीक. पायाखाली गुडघाभर पाणी असलं तरी आधी सब ठीक म्हणायचं, मग पाण्याचं बघायचं. ही सवय हाडात जाते. माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, तर मी स्ट्रेचरवर आडवा, तरी टाचा जुळवून म्हणालो, सब ठीक.

रहीमभाई आमचा कुक. जहाजावर अडीचशे माणसांना जेवू घालायचा. बायको गेल्यावर याकूतपुऱ्यात एकटाच राहायचा. त्यानं अकरा दिवस 'सब ठीक' म्हटलं. बाराव्या दिवशी शेजाऱ्यानं फोन उचलला. रहीमभाई तापानं फणफणत होता, चार दिवस पोटात पाण्यात बुडवलेल्या टोस्टखेरीज काही नव्हतं. चीफनं कुठून कुठून माणसं हलवून त्याला इस्पितळात पोचवलं. वाचला.

बरा झाल्यावर चीफनं त्याला फोनवर जे झाडलं ते मी ऐकलेलं आहे, कारण साक्षीदार म्हणून मलाही त्या कॉलवर घेतलं होतं.

"अकरा दिन तू मेरे को सब ठीक बोला. कायकू बोला?"

"आप राउंड पे आए बोलके," रहीमभाई म्हणाला. "राउंड पे और क्या बोलते चीफ?"

चीफ म्हणाला, "चूक माझी आहे. सवाल चुकीचा होता."

दुसऱ्या दिवशीपासून सवाल बदलला आणि आमच्या हालांना सुरुवात झाली. एका दमात तीसपर्यंत मोजायचं. खोटं बोलायला जीभ पुरते, म्हणायचा, छाती पुरत नाही. तो नुसता आकडा धरत नसे. आकड्यांमधली घरघर, कुठं अडखळलं, कुठं चोरलं, सगळं धरायचा. "ऐकू येतंय मला" हे वाक्य त्या वर्षी मी इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्या स्वप्नात पोलिसाच्या वेषात यायचं. सण नाही, रविवार नाही. एकदा मी संडासातून मोजलं. तेही त्यानं ओळखलं.

मलकाजगिरीचे राव म्हणजे आमच्यातले चतुर. ते रोज अठ्ठावीसपर्यंत मोजायचे. न कमी, न जास्त. पाचव्या दिवशी चीफ म्हणाला, "रावगारू, रोज बाविसाव्या आकड्याला तोच कावळा तसाच ओरडतो. हे कसं?" रावांनी एका बऱ्या दिवशी आपलं मोजणं बायकोच्या फोनवर भरून ठेवलं होतं आणि रोज सकाळी ते लावून आपण झोपायचे. राव म्हणाले, "कावळा माझा नाही चीफगारू, शेजाऱ्यांचा आहे." चीफनं शिक्षा म्हणून आठवडाभर त्यांना दोनदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदा तेलुगूत.

मी रोज फोन ठेवला की पाच मिनिटं त्याला शिव्या द्यायचो. बायको म्हणायची, त्यांच्या तोंडावर द्या. मी म्हणायचो, ऐकू जाईल त्याला, इथूनसुद्धा.

मग एका सकाळी मी सतरापर्यंत पोचलो आणि थांबलो. वाट पाहिली ओरडण्याची. तो ओरडला नाही. 'पुढचा'ही म्हणाला नाही.

"मिस्त्री," तो म्हणाला, "वहिनींकडं फोन दे."

बायकोला म्हणाला, "वहिनी, याला आत्ता दवाखान्यात न्या. तो नक्को म्हणेल. ऐकू नका."

मी नक्कोच म्हणत होतो. आदल्या दिवशी मी अकरा पुऱ्या खाल्ल्या होत्या. बायको म्हणते चार. असो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, अजून दोन दिवस घरी राहिला असतात तर आपली भेट झाली नसती. दहा दिवस मी आडवा होतो. चीफचा फोन तिथंही यायचा, सिस्टर माझ्या कानाला लावून धरायची. आठ, अकरा, बारा. सातव्या दिवशी अख्खा वॉर्ड माझ्याबरोबर मोजायला लागला. डॉक्टर राउंडला आले तर त्यांना वाटलं शाळा भरलीय.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी चोवीस मोजले. वाटलं, आज तरी हा माणूस दोन शब्द बरे बोलेल. मीही मनात काहीतरी जुळवून ठेवलं होतं.

"चोवीस. बरंय. पुढचा."

फोन बंद. जुळवलेलं तसंच राहिलं. मी पुन्हा शिव्या दिल्या, पण दोनच मिनिटं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं प्रेमसुद्धा अंगावर खेकसत येतं, आणि माणूस त्याला कंटाळून जातो.

दुसऱ्या लाटेत चीफ सुधारला. ओरडणं बंद झालं. "मोज," म्हणायचा, मी मोजायचो, तो म्हणायचा, "बावीस. पुढचा." गरम पाणी नाही, चोरलास नाही. मग आकडाही सांगेनासा झाला. नुसतं "हं". फोनही उशिरा यायचा, तेवढीच झोप जास्त. एका सकाळी मी मुद्दाम वीसला श्वास घेतला, अगदी उघड, दार वाजवून चोरी करावी तसा. तो काहीच बोलला नाही. मला इतका आनंद झाला की मी रहीमभाईला फोन केला.

"चीफ ठंडा पड गया रहीमभाई."

"हौ," तो म्हणाला. "शुक्र है. कानों को आराम है."

रावांनाही कळवलं. राव म्हणाले, वय झालं, मवाळ होतो माणूस. आम्ही एकेचाळीस जण आठवडाभर खूष होतो. श्वास ऐकणं त्याचं काम होतं. आमचं काम मोजणं. जहाजावर हजेरी घेणारा स्वतःचं नाव पुकारत नाही. गरजच नसते, तो सगळ्यांच्या समोर उभा असतो. फोनवर तो समोर नसतो, एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नाही.

मग एक दिवस फोन आलाच नाही. खोटं कशाला बोलू, मी साडेसातपर्यंत झोपलो आणि उठल्यावर बायकोला म्हणालो, सुटलो. नऊ वाजता रहीमभाईचा फोन आला. "मिस्त्री, तेरे को आया क्या?" नाही म्हणालो. रावांना विचारलं, नाही. मग एकेक करत सगळीकडं फोन सुरू झाले, आणि सगळीकडं नाही. रहीमभाईनं स्कूटर काढली. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर त्यांना म्हणाला, मेरा चीफ घर में है. जामबागेत पोचला तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, पहाटे गाडी येऊन नवरा-बायको दोघांना घेऊन गेली.

चौथ्या दिवशी तो गेला. आत कुणालाच सोडत नव्हते. आम्ही एकेचाळीस जण आपापल्या घरी होतो.

बंदी उठल्यावर मी जामबागेत गेलो. वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या होत्या. त्यांनी चहा केला. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, चांगली चार वाक्यं होती. पण बोलता बोलता वहिनी सहज म्हणाल्या की त्याला आधी आठ दिवस ताप होता. पलंगावर उशीला टेकून तो हजेरी घ्यायचा. एकेका फोननंतर थोडा पडून राहायचा, मग पुढचा लावायचा. पावणेसहाला सुरू झालेली यादी संपायला दुपार व्हायची.

माझी ती चार वाक्यं कुठल्या कुठं गेली. मला हळू बोलता येत नाही, हे मी सांगितलंच आहे. मी ओरडायला लागलो. "आठ दिवस, वहिनी. आठ दिवस ताप आणि तुम्ही गप्प बसलात. अहो, एकेचाळीस माणसं होतो आम्ही. त्यानं मला इस्पितळात घातलं, रहीमला घातलं. तुम्ही एका शब्दानं कळवायचं होतं. कुणीही धावत आलो असतो. त्याचं सोडा, त्याला अक्कल नव्हती, पण तुम्ही?" समोरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. माझं थांबेना. मी रडत होतो की भांडत होतो, मलाही कळत नव्हतं.

वहिनींनी मला पुरतं बोलू दिलं. मग माझ्या पुढ्यातला रिकामा कप उचलला.

"मी काही लपवलं नाही भावजी," त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणाचा फोन आला असता, तर सांगितलं असतं."