फक्कीचे पट्टे

शाळेसमोरच्या हमरस्त्यावर मी रोज सकाळी फक्कीचे पांढरे पट्टे ओढतो, पूर्वी कबड्डीचं मैदान आखायचो तसेच. इथेच चौथीतल्या एका मुलीला ट्रकने उडवलं, ती अजून लंगडते. तेव्हा इथे पक्के पट्टे मारून मिळावेत म्हणून केलेल्या अर्जावर सह्या करायला अख्खा गाव लोटला होता. आता मी एकटाच उरलोय. "गुरुजी, अर्ज वर गेलाय," एवढंच सरपंच सांगतात.

मैदानावरची रेघ मुलं किती मानायची! पाय पडला की आपणहून बाहेर जायची. रस्त्यावरची रेघ कुणी बघतसुद्धा नाही. दुपारपर्यंत ती चाकांना लागून निघून जाते.

आज शेवटचा पट्टा ओढून कडेला उभा राहिलो, तर उसाचा एक ट्रॅक्टर चक्क थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मुलांना हाक मारायला मी वळलो, तर फाटकाला कुलूप. रविवार होता. घरी आता वार सांगणारं कुणी नाही.

"जावा की बाबा, थांबलोय न्हवं!" ड्रायव्हर ओरडला.

त्याचं मन मोडवेना. रिकामी बादली घेऊन मी सावकाश पलीकडे गेलो. ट्रॅक्टर निघून गेला.

पलीकडे माझं काहीच काम नव्हतं.