जामीनमावशीचा सातबारा

पिंपरी पेंढारची जामीनमावशी कोर्टात आली की शिपाईसुद्धा उठून तिला खुर्ची द्यायचा. आरोपी सोडले तर कोर्टाच्या इतक्या पायऱ्या तालुक्यात कुणी झिजवल्या नसतील. नवऱ्यामागं बागायत जमीन तिच्या नावावर झाली होती आणि तो सातबारा साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून ती कुणालाही जामीन राहायची.

कुणालाही म्हणजे अगदी कुणालाही नाही. आधी विचारायची, "नुकसान कुणाचं झालं?" पारावर पत्ते कुटताना सापडलेले, परवान्याशिवाय प्यालेले, असले लोक डोकं खाजवायचे, पण त्यांना नाव काही सुचायचं नाही. मग मावशी निघालीच. विहिरीवरची मोटर चोरलेला एक जण आला, तर त्याला चहा पाजून 'आधी मोटरवाल्याला भेटून ये' म्हणाली आणि वाटेला लावलं.

"पिणारा प्याला अन् झोपला. झोपेला कलम लावता व्हय?" हा तिचा कायदा. आम्हा वकिलांचा वेगळा. ऊसतोडीला आलेल्या माणसाला जामीन मंजूर व्हायचा, पण परमुलखात जामीनदार कुठून आणणार? मग पावशेर दारूपायी गडी महिनोन्‌महिने आत, आणि शेजारी पथारी खुन्याची. एकदा जज्जसाहेब वैतागले, "मावशी, पुन्हा तुम्हीच?" मावशी म्हणाली, "तुमी पुन्हा तसलीच माणसं आणता, मग मी तरी काय करू?" साहेबांना एकदम चष्मा पुसायची गरज पडली.

ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. तिच्या एकुलत्या एका पोरानं बायकोला मारून तिचा हात मोडला. पोलिसांनी उचलला. भावकी ओट्यावर येऊन बसली: घरातलं प्रकरण, पोटचा गोळा, सोडवून आण. दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन कोर्टात हजर. मी शहाण्यानं पोराचे कागद आधीच करून ठेवले होते. तिनं ते बाजूला सारले आणि हातभट्टीची पिऊन सापडलेल्या एका ऊसतोड्याला जामीन राहिली. पोरगा पिंजऱ्यात उभा राहून बघत होता.

साहेबांनी हळूच विचारलं, "आणि मुलाचं?"

"साहेब, तुरुंग ह्याच्यासाठीच बांधलाय. उगं गरीब माणसं कोंबून जागा अडवली तुमी."

बाहेर येऊन ती माझ्या बाकड्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "चला भाऊ, गाडी काढा. सुनेला एका हातानं भाकरी थापता येत न्हाई."