‘कम्मी’च्या पुढचा शब्द

जोयड्याहून रामनगरला जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी दोन माणसं बसतात. त्यातली दाराकडची जागा माझी आहे. मध्यंतरी ती गेली होती. कशी गेली ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

खानापूरकडून मी इथं आलो तेव्हा माझ्याजवळ फक्त रिकामी पोती होती. नंदिगड्ड्याच्या आसपासच्या वाड्यांवरून मिरी, सुपारी, कोकमाची सोलं विकत घ्यायची आणि रामनगरच्या बाजारात विकायची, हा माझा धंदा. सुरुवातीला मी जीपच्या मागच्या पायरीवर लोंबकळत जायचो. मग आतल्या बाकावर आलो आणि बऱ्याच वर्षांनी पुढं. ती जागा मला कुणी बसायला दिली नाही, मी मिळवली. एखादा नवा माणूस त्या दाराला हात लावू लागला की मागचेच लोक ओरडायचे, “अवो, ती सावकारांची जागा हाय!”

दसरा झाल्यावर एका बाजाराच्या सकाळी मी बसलो आणि दार ओढलं. लागेना. शेजारी नेहमीप्रमाणे शाळेचे मास्तर होते, ते बिचारे ड्रायव्हरच्या मांडीवर जाईपर्यंत सरकले. तरी लागेना. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं बाहेरून दाराला खांदा लावला आणि मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

“दाराला काय झालं न्हाई, सावकार. तुमी वाडलाय.”

“नीट लाव की!”

“मागं बसा. मागं दारच न्हाई, लागायचा सवालच न्हाई.”

सगळी जीप हसली. मास्तरसुद्धा. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. सगळ्यांसमोर मी सांगितलं, उळवीच्या जत्रेला मी याच जागेवर बसून येणार आणि दार एका ढकलण्यात लागणार. नाही लागलं तर कायमचा मागं. “व्हय, ठरलं,” तो म्हणाला. त्या दिवशी मी पोत्यांना टेकून रामनगरला गेलो.

आठवडा जाऊ न देता मी जोयड्यातल्या डॉक्टरबाईंकडं गेलो. बाई धारवाडकडच्या, बोलणं सगळं कन्नड. मला कन्नड येतं, पण माझं कन्नड बाजारात घडलेलं. मी सगळ्यात आधी शिकलेले शब्द म्हणजे ‘कम्मी माडि’. भाव कमी करा. याच दोन शब्दांवर मी घर बांधलं. बाईंनी मला तपासलं, वजनकाट्याकडं आणि माझ्याकडं बघितलं आणि सांगितलं. मी ऐकलं ते असं: ऊट कम्मी माडि, निद्दे कम्मी माड... जेवण कमी करा, झोप कमी करा. मला मुद्द्याचं कळलं होतं. मी उठलो, नमस्कार केला आणि निघालो.

मला ते पटलंही. लोळणारा माणूस फुगणारच. दुपारची डुलकी बंद केली. पहाटे कोंबड्याच्या आधी उठून परड्यात फेऱ्या मारू लागलो. जेवल्यावर मोबाईलवर मिरीचे भाव बघत बसायचो, डोळे मिटायला लागले की पाणी मारायचो. बायको म्हणायची, “अवं, निजा की आता. घुबडावानी काय बसलाय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कसली म्हनायची ही डॉक्टर!”

जेवण मात्र कमी होईना. घरात नाचणीची भाकरी आणि उकडलेले कंद समोर आले की मला शिक्षा झाल्यासारखं वाटायचं. रामनगरात उतरलो की पाय आपसूक भज्यांच्या गाड्याकडं वळायचे. मिरचीभजी, त्यावर गोडमिट्ट चहा, चहात बुडवायला बन. पोट भरायचं, पण डोक्यातली वखवख तशीच राहायची, मग आणखी एक प्लेट. धंद्यातही मी ढिला पडलो. नंदिगड्ड्याच्या एका आजीबरोबर मिरीचा भाव करता करता मला जांभईवर जांभई आली आणि ती म्हणेल त्याला मी हो म्हणालो. आजीलाच माझी काळजी वाटली. “बाबा, बरं न्हाई व्हय तुला?” माझ्यासारख्या माणसाला हे ऐकावं लागलं.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं आणि शर्टाचं पोटावरचं बटण तुटून चुलीपाशी जाऊन पडलं. बायकोनं ते उचललं. नुसती हसली. मी तसाच, बटण नसलेल्या शर्टात, तावातावानं दवाखान्यात गेलो.

“तुम्ही सांगितलं तसं केलं! झोप मोडली, डोळ्यांची आग झाली, आणि हे बघा!” मी पोट दाखवलं.

बाईंनी चष्मा काढला. “मी झोप मोडायला सांगितली?”

“निद्दे कम्मी माडि. तुमचेच शब्द.”

बाईंना असं हसू आलं की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. हसू आवरून त्यांनी एकेक अक्षर तोडून सांगितलं, “निद्दे कम्मी माड... बेडि. बेडि, सावकार, बेडि! झोप कमी करू नका!”

आता मला सांगा, नकार असा शेपटीला कोण लावतं? बाजारात ‘कम्मी’ कानावर पडलं की पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, तोवर पोतं उचललेलं असतं. मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, झोप अर्धी राहिली की भूक दुप्पट लागते, आणि तीही गोडाची आणि तेलकटाची. रोज सात तास झोपायचं.

“पाच,” मी म्हणालो.

“सात.”

“जाऊ दे, साडेपाच. तुमचं नाही, माझं नाही.”

“इथं फिक्स रेट,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून समोरच्यानं सांगितलेल्या भावाला माल घेतला.

त्या झोपेची गोडी काय सांगू! जेवण झालं की मोबाईल बायकोच्या ताब्यात आणि मी कांबळ्यात. सकाळी जाग यायची तेव्हा डोकं धुतलेल्या तांब्यासारखं लखलखीत असायचं. पहिल्याच बाजारी भज्यांच्या गाड्यावरून गेलो, वास आला, पण तो नुसता वास होता. त्यानं हाताला धरून ओढलं नाही. अधूनमधून खायचो, नाही असं नाही, पण एका प्लेटीवर मन भरायचं. बायकोनं उकडलेले कंद आणि हिरव्या मिरचीची चटणी समोर ठेवली की मी अजून मागायचो. आणि नंदिगड्ड्याच्या आजीशी असा भाव केला की ती चिडून म्हणाली, “पेंगत होतास तेच बरं होतं की रे!”

माघात जत्रा आली. जीप उळवीला निघाली तेव्हा सगळे माझ्याकडंच बघत होते. बायको मागं बायकांत बसली होती, पण मान पुढं. मास्तर मध्ये बसले होते. मी चढलो, श्वास नेहमीसारखाच ठेवला आणि दार ओढलं.

ठक्.

मागून टाळ्या पडल्या. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली आणि शांतपणे म्हणाला, “कालच बिजागऱ्यांना ग्रीस लावलंय, सावकार. म्हनून लागलं.”

उळवीपर्यंत मी त्याच्याशी भांडणार होतो, पण खिडकीतून गार वारा येत होता आणि मला छान झोप लागली. उतरल्यावर आधी देवाला नमस्कार केला. मग त्याच्याच गाडीतलं फडकं घेऊन, जत्रेच्या गर्दीत, बिजागऱ्यांवरचं ग्रीस कणभरही न ठेवता पुसलं. मास्तरांना मध्ये बसवलं, मी बसलो, दार ओढलं.

ठक्.

“मास्तर बारीक झालेत,” ड्रायव्हर म्हणाला.