बालगृहातला केक
"दान देण्याआधी संस्था स्वतः बघून या," असं मी नववीच्या वर्गाला दरडावून सांगितलं होतं. दोन मुली शिरगावच्या एका बालगृहात जाऊन आल्या.

"सर, संस्था चांगली आहे. पण दर आठवड्याला कोणी ना कोणी तिथे वाढदिवसाचा केक घेऊन येतं. मुलं कंटाळलीत. त्यांना गणित शिकवणारं माणूस पाहिजे."

मी भडकलो. "लोकांना अक्कल नाही! नुसते फोटो काढायला जातात."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, "सर, तिथल्या भिंतीवर तुमचापण फोटो आहे. केक कापताना."

आता दर शनिवारी मी तिथे गणित शिकवतो. परवा पाढ्यांचा तक्ता लावायला भिंतीवर जागाच नव्हती. मी माझा फोटो उतरवला.