एका पॅकेजासोबत अडतीस

माझा मेव्हणा प्रत्येक लग्नात, पंगतीत बसला की एकच किस्सा सांगतो : आमचे भाऊजी कॉम्प्युटरशी भाव करत होते. लोक हसतात. माझी बायको सगळ्यांत जास्त हसते. पण तो सांगतो तो किस्सा अर्धा आहे. उरलेला अर्धा मी आज लिहून ठेवतो, कारण पंगतीत मला कोणी बोलू देत नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला सेलूच्या बसस्टँडजवळ माझं नेट कॅफे होतं. त्याआधी बारा वर्षं मी एका कृषी केंद्रात खतं विकली. धंदा पोत्यांवर बसून शिकलो. बापाकडून मला खुर्चीसुद्धा मिळालेली नाही. कॅफेतली पाचही मशीन जुनी घेतलेली. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं ते मेव्हण्याने. तो नागपुरात कॉम्प्युटरच्या कामात होता. लिनक्स फुकट असतं म्हणाला, तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं होतं, "फुकट म्हणजे मागून काय लागते?"

"काही नाई लागत, भाऊजी."

हे वाक्य लक्षात ठेवा.

दहावीच्या निकालाला दोन दिवस उरले आणि प्रिंटर मेला. निकाल नुसता पडद्यावर पाहून कोणाचंच पोट भरत नाही. कागद हातात पाहिजे, घरोघरी दाखवायला. छपाई नाही तर सगळी गर्दी समोरच्या नव्या कॅफेत जाणार, आणि एकदा तिकडे बसलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे परत येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी नागपूर गाठलं. तीन वेळा दुकानातून उठून जायचं नाटक केलं आणि अर्ध्या भावात नवा प्रिंटर आणला. दुकानदार इतक्या लवकर नरमला, तिथेच मला संशय यायला हवा होता. दुकानात येऊन जोडला, तर माझं लिनक्स त्याला ओळखच देईना.

मेव्हण्याला फोन लावला. "छपाईचं पॅकेज, म्हंजे प्रोग्राम, जुनं हाये, भाऊजी," तो म्हणाला. "मी सांगतो ते टाइप करा. मंग मशीन जे विचारते त्याले हो म्हणा."

दुकानात फोनची लाइन एकच. नेटही त्याच तारेवर. म्हणजे मेव्हण्याशी बोलायचं तर नेट बंद, नेट लावायचं तर मेव्हणा बंद. फोन ठेवला, नेट जोडलं, टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं : हे एक पॅकेज नवं करायचं तर सोबत आणखी अडतीस घ्यावी लागतील. हो असेल तर वाय दाबा, नाही तर एन.

माझं डोकंच फिरलं. कृषी केंद्रात बारा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? युरिया मागणाऱ्याला युरिया द्यायचा, पण सोबत झिंकची पिशवी आणि टॉनिकची बाटली गळ्यात मारायची. याला आम्ही लिंकिंग म्हणायचो. ज्याने ते लोकांना लावलं, त्यालाच आता हे मशीन लावत होतं!

मी एन दाबलं. पहिल्या भावाला मी कधीच हो म्हणत नाही. वाटलं, आता पंचविसावर येईल. पुन्हा टाइप केलं. अडतीस. मग मी उठून बाहेर गेलो, निवांत चहा प्यालो, कारण आपण उठलो की समोरचा ढिला पडतो. परत येऊन पाहिलं. अडतीसच.

नेट तोडलं, फोन लावला.

"काऊन बे, काही नाई लागत म्हणे ना तू?"

"ते पैशाचं म्हणलं होतं, भाऊजी. एक पॅकेज दुसऱ्याच्या भरोशावर चालते."

"मले एकच पाह्यजे. बाकीचे अडतीस तुझ्या बहिणीच्या घरी नेऊन टाक."

"ते तुमचंच घर हाये, भाऊजी."

"जास्त शहाणपणा नको करू! एकटं बसवता येते का नाई, एवढं सांग."

"जबरदस्तीनं येते, पण..."

"येते ना? मंग सांग."

त्याने सांगितलं. मी ओरडलो म्हणून सांगितलं, पण सांगितलं त्यानेच. पंगतीत हे येत नाही.

अर्ध्या तासात पॅकेज उतरलं आणि एकटं, मुकाट्याने बसलं. डबा घेऊन आलेल्या बायकोला मी पडदा दाखवला. "पाह्य, तुझा भाऊ अडतीस गळ्यात मारून राह्यला होता."

"अन् छापून राह्यलं का?" तिने विचारलं.

छापत नव्हतं. अमुक फाइल सापडत नाही, असं इंग्रजीत सांगून छपाईचा सगळा कारभारच बंद पडला होता. ती फाइल त्या अडतिसांपैकी कुठल्या तरी पॅकेजात होती. आता मेलेला प्रिंटर उठून बसला असता, तरी कागद निघाला नसता.

निकाल दुसऱ्या दिवशी अकराला. एवढा माल आमच्या तारेवरून उतरायला दोन दिवस लागले असते. बायकोने मला न विचारता भावाला फोन केला आणि सकाळच्या एसटीने तो सीडी घेऊन हजर झाला.

साडेदहाला दुकानात पोरंपोरी आणि त्यांचे बाप दाटीने उभे. मेव्हण्याने सीडी टाकली, टाइप केलं, अडतिसांची यादी पडद्यावर आणली आणि खुर्चीवरून उठला.

"बसा, भाऊजी. हो तुम्हीच म्हणा."

"म्हणून टाका ना शेठ," मागून कोणाचा तरी बाप म्हणाला, "अकरा वाजून राह्यले."

मी बसलो. पण यादी न वाचता माल उचलणारा मी नाही. एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो. समजत काहीच नव्हतं, तरी वाचलं. खालून चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"हे फॅक्स काय हाये?"

"फॅक्स पाठवायचं पॅकेज."

"माझ्या दुकानात फॅक्स हाये?"

"नाई."

"मंग हे काऊन?"

मेव्हणा वाकला. यादी पाहिली, पुन्हा पाहिली. कान लाल झाले त्याचे. "हे... नाई घेतलं तरी चालते."

"लिंकिंग!" मी ओरडलो. समोरच्या कॅफेवाल्यानेही मान बाहेर काढली. "काढ ते!"

त्याने काढलं. यादी पुन्हा आली. सदतीस. मी वाय दाबलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना चाचणीचा कागद छापून निघाला. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक पंगतीत मेव्हणा शेवट असा करतो, "अन् मंग भाऊजींनी अडतीसच्या अडतीस घेतले."

"सदतीस," मी म्हणतो.

"जेवा आता," बायको म्हणते. "वरण थंडं होऊन राह्यलं."