म्हातारे उंदीर कोण पोसणार?
नातीच्या हॅमस्टरच्या पिंजऱ्यातल्या लाकडी भुशाचा वास आला, की मला परदेशातल्या बॉथेल गावातली माझी लॅब आठवते. उंदरांच्या फुप्फुसांवर रेडिएशनचा परिणाम तपासणारी मी तेव्हा स्वतःला केवढी शहाणी समजायचे! कॅन्सरसाठी छातीवर रेडिएशन घेतलेल्या सासूबाईंना दोन महिन्यांनी कोरडा खोकला लागला. "हवा बदललीय, आई," म्हणत मी काढा पाजला. "तुझ्या उंदरांना होतं का गं असं?" "छे, टुणटुणीत आहेत!" "त्यात माझ्याएवढं म्हातारं कुणी?" "म्हातारे उंदीर कोण पोसणार?" मी खिदळले. त्यांनी काढा संपवून पेला माझ्या हाती दिला. पुढे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "या वयात रेडिएशनने आलेली फुप्फुसाची सूज लवकर भडकते, खोकला सुरू होताच आणायचं होतंत." आई घरी परतल्या नाहीत; माझा उंदरांवरचा पेपर मात्र वेळेवर छापून आला. आज मी त्यांच्या वयाची आहे, आणि तेव्हाच्या त्या शहाणीला मी माझी साधी शिंकसुद्धा ऐकू दिली नसती.